एकोणचाळीस महिन्यांचे सरकार: डेव्ह बॅरेट यांची घाई योग्य होती का?

फ्रेझरकाठ (धागाकर्ता)

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराजवळच्या सरेहून लँगलीकडे जाताना एक रस्ता असा लागतो की त्याच्या एका कडेला तीन-तीन मजली घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि दुसऱ्या कडेला, डांबर संपते तिथूनच, ब्लूबेरीच्या ओळी सुरू होतात. मधे मोकळी पडीक जागा नाही, प्लॉटिंगचे फलक नाहीत, अर्धवट पाडलेले कुंपण नाही. वाघोलीच्या बाजूला शेते बिगरशेती होऊन त्यांचे गुंठे पडताना मी लहानपणापासून पाहिले असल्यामुळे ही रेघ इतकी सरळ कशी राहिली, हा प्रश्न इथे आल्यावर मला पहिल्याच महिन्यात पडला. त्याचे उत्तर शोधताना डेव्ह बॅरेट हे नाव समोर आले आणि गेली काही वर्षे मी त्यांच्या कारकिर्दीविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. कॅनडाबाहेर हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून आधी थोडी ओळख करून देतो.

बॅरेट यांचा जन्म १९३० साली व्हँकुव्हरमध्ये झाला. शहराच्या पूर्व भागातल्या कष्टकरी वस्तीत ते वाढले. वडील फळे-भाजी विकत. अमेरिकेत समाजकार्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि हेनी येथील सुधारगृहात नोकरीला लागले. तिथे असतानाच राजकारणात उतरण्याची तयारी केल्याबद्दल त्यांना कामावरून काढून टाकण्यात आले. १९६० च्या निवडणुकीत ड्यूडनी मतदारसंघातून उभे राहून त्यांनी प्रांताच्या विद्यमान मजूरमंत्र्यांना हरवले. त्या वेळी ब्रिटिश कोलंबियात सोशल क्रेडिट पक्षाचे डब्ल्यू. ए. सी. बेनेट सत्तेवर होते आणि ते १९५२ पासून १९७२ पर्यंत, म्हणजे सलग वीस वर्षे, सत्तेवर राहिले. ३० ऑगस्ट १९७२ रोजी बॅरेट यांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने ५५ पैकी ३८ जागा जिंकल्या आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बॅरेट प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, झाले. अर्थखातेही त्यांनी बहुतेक काळ स्वतःकडेच ठेवले.

पुढच्या एकोणचाळीस महिन्यांत या सरकारने ३६७ विधेयके संमत केली. सरासरी काढली तर दर तीन दिवसांना एक. पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाला महिना २०० डॉलरच्या किमान उत्पन्नाची हमी मिळाली. मोटारविम्यासाठी सरकारी महामंडळ उभे राहिले. रुग्णवाहिका, ज्या तोवर कुठे अग्निशामक दल चालवी, कुठे खासगी कंत्राटदार, तर कुठे अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक, त्या १९७४ मध्ये एका प्रांतिक सेवेखाली आल्या. शाळेत मुलांना पट्ट्याने मारणे कायद्याने बंद झाले आणि तसे करणारा हा कॅनडातला पहिला प्रांत ठरला. विधानसभेत प्रश्नोत्तराचा तासही याच काळात सुरू झाला. वीस वर्षे सत्तेवर राहिलेल्या आधीच्या सरकारला सभागृहात असे नियमित प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती, हे वाचून मला खरोखर धक्का बसला.

या सगळ्यात मोठा निर्णय जमिनीचा. ब्रिटिश कोलंबिया प्रचंड पसरलेला असला तरी त्याचा बहुतेक भाग डोंगर आणि जंगल आहे. पिकाऊ जमीन एकूण क्षेत्राच्या पाच टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातली उत्तम जमीन नेमकी तिथेच जिथे शहर वाढते, म्हणजे फ्रेझर नदीच्या खोऱ्यात. दरवर्षी हजारो हेक्टर शेती घरांखाली चालली होती. डिसेंबर १९७२ मध्ये मंत्रिमंडळाने एका आदेशाने शेतजमिनीचे रूपांतर जागच्या जागी थांबवले आणि एप्रिल १९७३ मध्ये विधेयक क्रमांक ४२ संमत होऊन जमीन आयोग स्थापन झाला. त्यातून सुमारे ४७ लाख हेक्टरांचे राखीव शेतक्षेत्र आखले गेले आणि ते आजही आहे.

डिसेंबर १९७५ मध्ये हे सरकार पडले. बॅरेट यांनी घाई केली, लोकांना दम घेऊ दिला नाही, म्हणून सत्ता गेली, असे तेव्हापासून म्हटले जाते. पहिल्याच बैठकीत ते बूट काढून मंत्रिमंडळाच्या टेबलावर चढले, मोज्यांवर घसरत गेले आणि आपण इथे नुसते टिकून राहायला आलो आहोत की काही करायला, असे त्यांनी सहकाऱ्यांना विचारले, अशी आठवण सांगतात. माझे मत स्पष्ट आहे. ही घाई चूक नव्हती. डिसेंबर १९७२ ऐवजी जमिनीचा विषय समित्यांकडे सोपवून दोन वर्षांनी घेतला असता, तर राखण्यासारखे फार थोडे उरले असते, कारण कायदा येतोय अशी नुसती कुणकुण लागली तरी रूपांतराच्या अर्जांचा पाऊस पडतो, हे आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. आपली मते ऐकायला आवडतील, विशेषतः विरोधी.

कोरडवाहू

विरोधी मत मागितले आहे, तर ते देतो. माझे घर शेतीवर चालले आहे आणि अजून चालते, त्यामुळे या विषयाकडे मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने पाहतो.

आपल्या लेखात ब्लूबेरीच्या ओळी आहेत, पण त्या ओळींचा मालक नाही. १९७२ च्या डिसेंबरात एका रात्रीत त्याच्या जमिनीची किंमत शेतजमिनीच्या भावावर आणून ठेवली गेली. शेतकऱ्याला निवृत्तिवेतन नसते. म्हातारपणी चार एकर विकून मुलीचे लग्न, औषधपाणी आणि उरलेले दिवस निभावून न्यायचे, हा हिशेब बीड-नांदेडच्या शेतकऱ्याचा आहे तसाच त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचाही होता. शहरातल्या माणसाला हिरवे शेत पाहायला मिळावे आणि प्रांताला अन्न मिळावे, म्हणून त्या माणसाच्या उतारवयाची पुंजी गोठवली गेली आणि त्याबद्दल त्याला एक डॉलरही भरपाई दिली गेली नाही. शेतकरी प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियात, विधिमंडळासमोर निदर्शनांसाठी जमले, ते काही बिल्डरांच्या सांगण्यावरून नव्हे. विरोध झाल्यावरच विधेयकात दुरुस्त्या झाल्या, याचाच अर्थ पहिला मसुदा विचार न करता आणला होता.

घाईचा दोष मी तिथे पाहतो. निर्णय चांगला असू शकतो, आणि हा बऱ्याच अंशी चांगला होता, हे मी मान्य करतो. पण ज्याच्या जमिनीवर तो निर्णय होतो त्याच्याशी आधी बोलायला वेळ नाही, असे म्हणणारे सरकार चांगले म्हणता येत नाही. शिवाय आपण खर्चाविषयी काहीच लिहिलेले नाही. १९७४ मध्ये समाजकल्याण खात्याचा खर्च अंदाजापेक्षा सुमारे १० कोटी डॉलरनी जास्त झाल्याचे उघड झाले आणि खुद्द अर्थमंत्री असलेल्या बॅरेट यांनी ती कारकुनी चूक असल्याचे सांगितले. ज्या माणसाने अर्थखाते स्वतःकडे ठेवले, त्याच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही. विमा महामंडळही पहिल्याच काळात मोठ्या तोट्यात गेले आणि नंतरच्या सरकारला हप्ते भरमसाट वाढवावे लागले.

आकडेमोड

दोघांच्याही भावना समजल्या, परंतु सरकार कशामुळे पडले, या मूळ प्रश्नावर आकडे काही वेगळेच सांगतात, म्हणून ते इथे मांडतो.

१९७२ मध्ये बॅरेट यांच्या पक्षाला ३९.६ टक्के मते मिळाली आणि ३८ जागा आल्या. १९७५ मध्ये त्यांना ३९.२ टक्के मते मिळाली आणि १८ जागा आल्या. शंभरातला अर्धा माणूसही त्यांना सोडून गेला नाही, तरी जागा निम्म्याहून कमी झाल्या. कारण समोरच्या बाजूला आहे. १९७२ मध्ये सोशल क्रेडिटला ३१ टक्के, लिबरलांना १६ टक्के आणि कॉन्झर्व्हेटिव्हांना जवळपास १३ टक्के मते होती. पुढच्या तीन वर्षांत बेनेट यांचे चिरंजीव बिल बेनेट यांनी वडिलांचा पक्ष हाती घेतला, तीन लिबरल आमदार आणि एक कॉन्झर्व्हेटिव्ह आमदार त्यांना जाऊन मिळाले, आणि १९७५ मध्ये सोशल क्रेडिटला ४९ टक्के मते व ३५ जागा मिळाल्या.

म्हणजे १९७२ चा विजय हा मतविभागणीचा विजय होता आणि १९७५ चा पराभव ती विभागणी संपल्याचा. ज्याच्या तीन विरोधकांची बेरीज पहिल्या दिवसापासून साठ टक्के आहे, त्याच्या सरकारची मुदत विरोधक एकत्र येईपर्यंतच असते. बॅरेट यांनी ३६७ ऐवजी ६७ विधेयके आणली असती, तरी ती बेरीज तीच राहिली असती. या अर्थाने धागाकर्त्यांचे म्हणणे मला पटते: कमी वेळ आहे हे ओळखणाऱ्याने भरभर काम केले.

एक गोष्ट मात्र माणूस म्हणून लक्षात राहते. त्या निवडणुकीत बॅरेट कोक्विटलम येथील स्वतःची जागाही हरले, मोटारगाड्या विकणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याकडून आणि अवघ्या १८ मतांनी. पुढे सहकारी बॉब विल्यम्स यांनी आपली जागा रिकामी केली आणि १९७६ च्या पोटनिवडणुकीत बॅरेट पूर्व व्हँकुव्हरमधून सभागृहात परतले.

कोरडवाहू

आकडेमोड, आपले आकडे बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष अपुरा आहे.

पहिली गोष्ट. विरोधक आपोआप एकत्र आले नाहीत. तीन लिबरल आमदार पक्ष सोडून सोशल क्रेडिटमध्ये गेले, ते काहीतरी भीती वाटल्यावाचून गेले का? खाणउद्योगावर १९७४ मध्ये स्वामित्वधन बसवल्यावर खाणमालक खवळले, विमा कंपन्या खवळल्या, जमीनमालक खवळले, आणि हे सगळे एकाच वेळी. एकेकाला अंगावर घेतले असते तर प्रत्येक जण एकटा पडला असता. सगळ्यांना एकदम अंगावर घेतल्यावर त्यांना एकत्र आणण्याचे काम बॅरेट यांनीच करून दिले. मते फिरली नाहीत म्हणून घाई निर्दोष ठरत नाही. घाईने समोरची मते गोळा झाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती दोघांनीही वगळली. या सभागृहाची मुदत पाच वर्षांची होती. १९७२ मध्ये निवडून आलेले सरकार १९७७ पर्यंत राहू शकत होते. बहुमत भक्कम होते, कोणी पाडलेही नव्हते. तरीही बॅरेट यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये आपण होऊन निवडणूक जाहीर केली. वेळ थोडा होता म्हणून घाई केली, असे म्हणणाऱ्यांनी मला एवढेच सांगावे की हातातली जवळपास दोन वर्षे त्यांनी स्वतःहून का टाकून दिली? त्या दोन वर्षांत विम्याचा हिशेब जुळवता आला असता, शेतकऱ्यांशी बोलता आले असते, राखीव क्षेत्राच्या सीमा नीट तपासता आल्या असत्या.

गिरणगाव

मुदतीआधी निवडणूक का घेतली, याचे उत्तर ऑक्टोबर १९७५ मध्ये आहे आणि ते बॅरेट यांच्या चाहत्यांना अडचणीचे आहे.

त्या शरद ऋतूत लगदा व कागदाच्या गिरण्या, लाकूडकामगार, रेल्वे, किराणा मालाची मोठी दुकाने अशा अनेक ठिकाणी संप आणि टाळेबंदी एकाच वेळी चालू होती. बॅरेट यांनी सभागृह बोलावले आणि एका कायद्याने सुमारे ५० हजार कामगारांना ९० दिवसांसाठी कामावर परत पाठवले. कामगार संघटनांच्या बळावर उभ्या राहिलेल्या पक्षाच्या सरकारने हे केले. सर्वसाधारण मतदाराला ते आवडले, आणि त्या लाटेवर निवडणूक जिंकता येईल असा हिशेब करून काही आठवड्यांतच निवडणूक लावली गेली.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते आणि वर्षाहून अधिक लांबलेला, पुढे कधीच न संपलेला संप आमच्या घराने पाहिलेला आहे. संप लांबला की पहिली भूक कामगाराच्या घरी लागते, त्यामुळे संप मिटावा असे वाटणे मला समजते. परंतु मिटवणे आणि मोडणे यांत फरक आहे. निवडणुकीच्या प्रचारात घरोघर फिरणारी माणसे त्या पक्षाला संघटनांमधून मिळत. त्यांच्या डोक्यावर कायदा आणून दोन महिन्यांत त्यांच्याकडेच मते मागायला जाणे हा निव्वळ राजकीय चुकीचा प्रश्न नव्हता, ज्यांच्या खांद्यावर बसून आलो त्यांना विसरण्याचा होता. कोक्विटलममधली १८ मते मला तिथे दिसतात. चिडून घरी बसलेले अठरा कामगार एका गल्लीतही सापडले असते.

फ्रेझरकाठ

कोरडवाहू, मुदतीआधीच्या निवडणुकीचा मुद्दा मी टाळला होता, हे खरे आहे, आणि तो माझ्या मांडणीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. ती निवडणूक लावणे चूक होती. गिरणगाव यांनी दिलेले कारण मला बरोबर वाटते. जमीन, विमा, वृद्धांचे उत्पन्न या बाबतीत जो माणूस हिशेब न करता आपले म्हणणे करून मोकळा झाला, तोच माणूस शेवटी हिशेब करायला गेला आणि तिथेच फसला.

तरीही एक प्रश्न मी परत विचारतो. बिल बेनेट सत्तेवर आले, जवळपास ११ वर्षे राहिले, आणि त्यांच्याकडे सतत बहुमत होते. त्यांनी जमीन आयोग मोडला का? विमा महामंडळ बंद केले का? रुग्णवाहिका पुन्हा कंत्राटदारांना दिल्या का? ज्या कायद्यांना प्रचारात सर्वनाश म्हटले गेले, त्यांपैकी हे तिन्ही त्यांनी पुढे चालवले. हप्ते वाढवले, काही जमिनी राखीव क्षेत्रातून वगळल्या, त्यांच्या नंतरच्या सरकारने तर १९८८ मध्ये त्या क्षेत्रात गोल्फची मैदाने करायलाही परवानगी दिली. पण रेघ पुसली नाही. विरोधकाला मोडता येऊ नये इतका खोल रुजलेला कायदा घाईचा म्हणावा, हे मला अजून जड जाते. शेतकऱ्यांच्या बाबतीत इतकेच सांगतो की १९७३ मध्येच शेती-उत्पन्नाच्या विम्याची योजना आणली गेली होती, ज्यात उत्पादनखर्चापेक्षा बाजारभाव खाली गेला तर फरक भरून दिला जाई. जमिनीच्या किमतीची भरपाई ती नव्हे, हे मान्य. पण त्यांना वाऱ्यावर सोडले होते, असेही नाही.

पैलतीर

इतका वेळ सगळे जण जमिनीविषयी बोलत आहेत आणि ती जमीन मुळात कोणाची होती, याचा उल्लेख कोणीही केलेला नाही. बॅरेट यांच्या कारकिर्दीवरचा माझा आक्षेप घाईचा नाहीच. जिथे घाई करायला हवी होती तिथे त्यांनी ती केली नाही, हा आहे.

ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक भागात मूळनिवासी राष्ट्रांशी जमिनीचे करारच झालेले नव्हते. निस्गा राष्ट्राचे नेते फ्रँक कॅल्डर हे १९४९ मध्ये पहिल्यांदा निवडून आलेले आमदार, बॅरेट यांच्याच पक्षाचे. त्यांनी प्रांताविरुद्ध दावा लावला होता की आमचा या भूमीवरचा हक्क कधीच संपलेला नाही. त्यांचे वकील होते टॉम बर्जर, म्हणजे बॅरेट यांच्या आधीचे पक्षनेते. ३१ जानेवारी १९७३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तांत्रिक कारणाने दावा फेटाळला गेला, पण सातांपैकी सहा न्यायमूर्तींनी असा मूळ हक्क कायद्यात अस्तित्वात असतो हे मान्य केले. तो पुढे संपुष्टात आला की नाही, यावर ते तीन विरुद्ध तीन असे विभागले गेले. या निकालाने कॅनडाच्या केंद्र सरकारला आपले धोरण बदलावे लागले.

त्या वेळी बॅरेट सत्तेवर येऊन साडेचार महिने झाले होते. पक्षाचे माजी नेते वकील, पक्षाचेच मंत्री वादी आणि प्रतिवादी आता त्यांचे स्वतःचे सरकार, अशी ही स्थिती होती. ४७ लाख हेक्टरांवर एका आदेशाने रेघ मारणारे हे मंत्रिमंडळ इथे मात्र जुन्या सरकारचीच भूमिका धरून बसले: हा विषय केंद्राचा आहे. निस्गांना वाटाघाटीच्या टेबलावर बोलावले गेले नाही. मंत्रिमंडळात बसलेल्या कॅल्डर यांना १९७३ मध्ये वेगळ्याच एका प्रकरणावरून मंत्रिपदावरून दूर केले गेले आणि १९७५ मध्ये ते सोशल क्रेडिटच्या तिकिटावर निवडून आले. निस्गा करार अखेर २००० च्या मे महिन्यात अमलात आला. योगायोगाने तेव्हा प्रांताच्या प्रीमियरपदी पंजाबात जन्मलेले उज्जल दोसांझ होते. सत्तावीस वर्षे गेली त्यात.

रोझमेरी ब्राउन यांचेही तसेच. १९७२ मध्ये निवडून आलेल्या त्या कॅनडाच्या कोणत्याही प्रांतिक विधिमंडळातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९७५ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय नेतेपदाच्या निवडणुकीत त्या दुसऱ्या आल्या, इतका त्यांचा वकूब होता. बॅरेट यांनी त्यांना एकदाही मंत्रिपद दिले नाही आणि त्या मागत असलेले स्त्रियांसाठीचे स्वतंत्र मंत्रालयही स्थापन केले नाही. दर तीन दिवसांना एक विधेयक आणणाऱ्या सरकारकडे यासाठी एक दिवस नसावा?

फ्रेझरकाठ

पैलतीर, आपल्या या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. कॅल्डर निकालाची तारीख आणि जमीन गोठवणाऱ्या आदेशाची तारीख मी आजवर वेगवेगळ्या संदर्भांत वाचल्या होत्या. त्या एकाच हिवाळ्यातल्या आहेत, हे आज पहिल्यांदा जाणवले. ज्या रेघेचे मी कौतुक केले ती कोणालाही न विचारता कोणाच्या तरी भूमीवर मारलेली दुसरी रेघ होती, हे मला मूळ लेखात लिहायला हवे होते.

रिचमंडवासी

आजच्या स्थितीविषयी थोडे लिहितो, कारण मी रोज त्या राखीव क्षेत्रातून ये-जा करतो.

व्हँकुव्हरशेजारच्या रिचमंडच्या पाच नंबर रस्त्यावर सुमारे तीन किलोमीटरांच्या पट्ट्यात मंदिरे, गुरुद्वारे, मशिदी, बौद्ध विहार आणि चर्च ओळीने उभी आहेत. आपल्याकडून आलेल्या पाहुण्यांना मी हटकून तिथे नेतो. ही सगळी जमीन राखीव शेतक्षेत्रातली आहे. नगरपालिकेचे धोरण असे की रस्त्याकडच्या ११० मीटरांत प्रार्थनास्थळ बांधा, मागची जमीन मात्र पिकाखाली राहिली पाहिजे. त्यामुळे मंदिराच्या मागच्या दाराने बाहेर आले की समोर शेत किंवा फळझाडे असतात. काही ठिकाणी ती मनापासून राखलेली, काही ठिकाणी नुसते गवत माजलेले. मागच्या उन्हाळ्यात एके ठिकाणी प्रसादाच्या रांगेत उभे असताना खिडकीतून दोन म्हाताऱ्या बायका दुधी तोडताना दिसल्या, आणि हा पदार्थ त्याच दुधीचा आहे असे वाढणाऱ्याने सांगितले. पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा पानात वाढलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पण याच गावात दुसरेही चित्र आहे. शेतजमीन स्वस्त म्हणून ती विकत घ्यायची, मधोमध राजवाडा बांधायचा आणि उरलेल्या जमिनीवर नावापुरते गवत कापायचे, असे प्रकार इतके वाढले की फेब्रुवारी २०१९ पासून राखीव क्षेत्रातल्या घरांवर ५०० चौरस मीटरांची मर्यादा घालावी लागली. ५०० चौरस मीटर म्हणजे लहान घर नव्हे. जमीन शेती म्हणून वाचली, पण तिची किंमत अशी झाली की शेती करू इच्छिणाऱ्या तरुणाला ती घेता येत नाही. बॅरेट यांच्या कायद्याने जमिनीला संरक्षण दिले. शेतकरी टिकवण्याची सोय पुढच्या सरकारांनी करायची होती आणि ती नीट झाली नाही. हा दोष मी बॅरेट यांच्या माथी मारणार नाही.

आकडेमोड

गिरणगाव यांच्या कामगारांच्या मुद्द्यावर एक भर. १९७९ च्या निवडणुकीत बॅरेट यांच्याच नेतृत्वाखाली पक्षाला ४६ टक्के मते मिळाली, २६ जागा आल्या, आणि सोशल क्रेडिटला ३१. म्हणजे संघटना चार वर्षांत परत आल्या होत्या, आणि १९७२ च्या विजयापेक्षा या पराभवात मते सहा टक्क्यांनी जास्त होती. घाई लोकांना इतकी झोंबली असती, तर घाई करणाऱ्यालाच त्यांनी आधीपेक्षा जास्त मते का दिली असती? १९८३ मध्ये ते पुन्हा हरले, पण तोवर प्रांतातली लढत दोनच पक्षांची झाली होती.

गिरणगाव

संघटना परत आल्या, कारण समोर बिल बेनेट होते. परतीचे श्रेय मी बॅरेट यांना तेव्हा देत नाही. ते मी १९८३ च्या ऑक्टोबरात देतो. त्या वर्षी बेनेट सरकारने काटकसरीच्या नावाखाली सरकारी कर्मचाऱ्यांचे, भाडेकरूंचे आणि मानवी हक्क यंत्रणेचे संरक्षण काढून घेणारी विधेयके एकगठ्ठा आणली आणि सभागृह रात्र-रात्र चालवले. अशाच एका बैठकीत अध्यक्षांचा निर्णय न मानल्याबद्दल विरोधी पक्षनेते बॅरेट यांना सुरक्षा कर्मचाऱ्यांनी खुर्चीतून ओढत बाहेर नेले. त्रेपन्न वर्षांचा, एकदा राज्य केलेला माणूस, पक्षाचे नेतेपद सोडणार असल्याचे आधीच जाहीर केलेला. त्याला त्यातून काहीही मिळायचे नव्हते. १९७५ च्या कायद्याची भरपाई त्या रात्री झाली असे मी म्हणणार नाही, परंतु मनातला राग मात्र थोडा उतरतो.

फ्रेझरकाठ

पुढची माहिती विचारणारे दोन निरोप आले, म्हणून थोडक्यात लिहितो. १९८८ मध्ये बॅरेट केंद्रीय संसदेत निवडून गेले. १९८९ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय नेतेपदासाठी उभे राहिले आणि ऑड्री मॅक्लॉलिन यांच्याकडून हरले. पक्षाने क्विबेकमागे धावण्याऐवजी पश्चिमेकडच्या प्रांतांतला असंतोष ओळखावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९९३ मध्ये पश्चिमेतल्या त्याच असंतोषावर स्वार झालेल्या रिफॉर्म पक्षाने त्यांची जागा घेतली. २ फेब्रुवारी २०१८ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कोरडवाहू, आपण भरपाईचा मुद्दा सोडलेला नाही, हे मला दिसते. पण व्यवहाराने पाहा. लाखो हेक्टरांच्या संभाव्य बिगरशेती किमतीची भरपाई द्यायची ठरवली असती, तर प्रांताचे सारे अंदाजपत्रक त्यातच गेले असते आणि कायदा झालाच नसता. पैसा कुठून आणायचा होता?

कोरडवाहू

पैसा आपण स्वतःच पहिल्या परिच्छेदात दाखवला आहे. रस्त्याच्या पलीकडची जमीन गोठवली, तेव्हाच अलीकडची जमीन दुर्मीळ झाली आणि तिचा भाव चढला. ज्यांच्या जमिनी रेघेच्या आत शहरात पडल्या, त्यांनी काहीही न करता त्या भाववाढीचा लाभ घेतला. ज्यांच्या बाहेर पडल्या, त्यांनी काहीही न करता तोटा सोसला. रेघ सरकारने मारली होती. तर अलीकडची जमीन विकताना त्या वाढलेल्या किमतीतला एक वाटा कापून घ्यायचा आणि तो पलीकडच्या शेतकऱ्याच्या निवृत्तीसाठी वेगळा ठेवायचा. एका वर्षात सगळे पैसे लागणार नव्हते. शेतकरी थकेल, जमीन पुढच्या हाती जाईल, तसतसे द्यायचे होते. दर तीन दिवसांना एक विधेयक लिहिणाऱ्यांना हे एक लिहिता आले असते, आणि व्हिक्टोरियाच्या पायऱ्यांवर जमलेल्या शेतकऱ्यांपैकी निम्मे तरी घरी गेले असते.